पंप बंद, तरी काटा हलतो : टाँग टेस्टर घेऊन घरातली वीजगळती शोधताना

2023 चं जुलैचं वीजबिल ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हातात पडलं आणि त्यावर वापर होता 168 युनिट. आमचं घर मालवण तालुक्यात, माडांच्या बागेत. घरात सासूबाई आणि मी. नवरा नोकरीनिमित्त बाहेर. एक फ्रिज, तीन पंखे, बल्ब, मिक्सर, इस्त्री, विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप. एरवी महिन्याला पंच्याऐंशी-नव्वद युनिट. बिलावरच्या आलेखात मागच्या महिन्यांच्या वापराचे खांब पाहिले तर जूनचा खांबही थोडा उंच होता, पण तेव्हा उकाड्यावर ढकलून मोकळी झाले होते. जुलैत मात्र पंखेसुद्धा फारसे लागले नव्हते. पाऊस असल्यामुळे बागेला पाणी नाही, पंप फक्त टाकी भरण्यापुरता. म्हणजे वापर कमी व्हायला हवा तिथे दुप्पट झाला.

महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे आहेत : शंभरपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, त्यापुढे अजून चढे. त्यामुळे नव्वदचे 168 झाले की वरची बहुतेक युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. आमच्या बिलात आठ-नऊशे रुपयांचा फरक होता.

वाडीत विचारलं तर एकच उत्तर : "मीटर पळता." मलाही तेच वाटलं. वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात गेले. तिथे तोंडी तक्रारीला अर्थ नसतो हे आधीच ठाऊक होतं, म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहून नेला : ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, त्या दिवशीचं रीडिंग, मागच्या सहा महिन्यांचा वापर, आणि "मीटरची तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी" हे एक वाक्य. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तपासणीची फी काउंटरवर भरली, पावती पोचीलाच टाचून ठेवली.

बिलाचं काय करायचं हा प्रश्न होताच. बऱ्याच जणांचा समज असतो की तक्रार केली म्हणजे बिल थांबलं. तसं नसतं. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे वाद असेल तर मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरता येते. मग वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. थकबाकीसाठी तोडायचा असला तरी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मी सगळीच रक्कम भरली, पण "हरकत राखून" असं पत्र जोडलं. आठशे रुपयांसाठी वीज तुटायची भीती मनात ठेवून झोपणं मला परवडणारं नव्हतं.

तपासणीला माणूस कधी येणार? "बघू, पावसाचं आहे." हे उडवाउडवीचं उत्तर नव्हतं. ऑगस्टात आमच्याकडे रोज कुठेतरी तारेवर झाड पडलेलं असतं आणि तीच चार माणसं सगळीकडे धावत असतात. पण मधल्या काळात हात जोडून बसायचं नव्हतं.

धाकटे दीर वेंगुर्ल्याकडे एका काजू कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. फोनवर सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वहिनी, सगळा बंद केल्यावर मीटरचो लाल दिवो लुकलुकता काय?"

हे मी कधी पाहिलंच नव्हतं. दुपारी फ्रिजचा प्लग काढला, सगळी बटणं बंद केली आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसले. आमच्या मीटरवर 3200 इंपल्स म्हणजे एक युनिट असं छापलेलं आहे; दिव्याची एक लुकलुक म्हणजे एक इंपल्स. दिवा लुकलुकत होता. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन लुकलुकींमधलं अंतर साधारण दहा सेकंद. हिशेब सोपा आहे : 3200 च्या मीटरला 1125 ला सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. 1600 छापलं असेल तर 2250 ला भागायचं. माझे आले 112 वॅट. घरात काहीही चालू नसताना रात्रंदिवस 112 वॅट, म्हणजे दिवसाला पावणेतीन युनिट आणि महिन्याला ऐंशीच्या आसपास. बिलातला फरक तंतोतंत तेवढाच.

शिवाय मीटरवर 'अर्थ' लिहिलेला दुसरा छोटा दिवा सलग पेटलेला होता. दिरांना फोटो पाठवला. त्यांनी सांगितलं की मीटर फेजमधला करंटही मोजतो आणि न्यूट्रलमधलाही. दोन्ही सारखे नसतील तर हा दिवा लागतो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरली जातात. म्हणजे फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलने परत येत नाहीये, जमिनीत जातेय. मीटर पळत नव्हता. घर गळत होतं.

मीटर पळतो म्हणून भांडायचं असेल त्यांनी आधी हे पाच मिनिटांचं काम करावं. एक पैसा लागत नाही.

पुढच्या रविवारी दीर आले, सोबत त्यांचा जुना काट्याचा टाँग टेस्टर आणि ओळखीचे एक परवानाधारक वायरमन. टाँग टेस्टर म्हणजे वायर जबड्यात धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. काट्याचा मी पहिल्यांदाच हातात घेतला. वजनदार, काळा; वर विंचवाच्या नांगीसारखा उघडणारा जबडा, कडेला तो उघडायचा खटका, मधे फिरवायचा नॉब : 6, 15, 60, 150, 300 अँपिअर, पुढे व्होल्टचे आणि ओहमचे आकडे. वायर कापायची नाही, सोलायची नाही, फक्त जबड्यात घ्यायची. वायरमध्ये एसी करंट असला की तिच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं. ते जबड्याच्या लोखंडातून फिरतं आणि आतल्या गुंडाळीत तेवढ्या प्रमाणात करंट तयार करतं. त्यावरच काटा हलतो, म्हणून करंट मोजायला बॅटरी लागत नाही. बॅटरी फक्त ओहमसाठी. अर्थात हा फक्त एसीला चालतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या किंवा सोलरच्या डीसी वायरला लावून उपयोग नाही.

दिरांनी सुरुवातीलाच दम भरला, "वहिनी, तुमी फक्त काटो वाचा. तारेक हात लावू नकात." मेन स्विचच्या पुढचं सगळं काम वायरमनदादांनी केलं, मी वहीत लिहीत गेले. ही विभागणी मला आजही योग्य वाटते. घरच्या माणसाला कुठलं बटण कशाचं हे माहीत असतं, वायरमनला उघड्या टोकांशी कसं वागायचं ते. पायाखाली कोरडी फळी, पायात रबरी चपला, हात पुसलेले, आणि जबडा फक्त इन्शुलेशन शाबूत असलेल्या वायरवर. मीटरच्या सीलला तर कुणी बोटही लावायचं नाही.

आधी टेस्टरचीच परीक्षा. काटा शून्यावर नव्हता, तो स्क्रूने जुळवला. जबड्याच्या दोन्ही टोकांवर गंजाची तपकिरी पापुद्री होती. खाऱ्या हवेत हे होणारच, पण तिथे कागदाइतकी फट राहिली तरी आकडा कमी दिसतो. दादांनी कोरड्या फडक्याने पुसून, खटका चारदा दाबून दोन्ही तोंडं नीट मिटतात का ते पाहिलं. मग इस्त्री. दादांनी एका छोट्या एक्स्टेंशनची वरची साल काढून आतल्या वायरी मोकळ्या ठेवल्या होत्या, कारण जबड्यात एकच वायर यायला हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि काटा ढिम्म राहतो. शेजारचे काका मधेच डोकावले, फ्रिजची अख्खी केबल जबड्यात धरली आणि "ह्यो मेलेलो आसा" असं जाहीर करून चहाला बसले.

इस्त्री 1000 वॅटची. 230 व्होल्टला तिने 4.3 अँपिअर घ्यायला हवेत. काटा 3.9 वर थांबला. टेस्टर खोटा? दादांनी नॉब व्होल्टवर नेऊन प्लगमध्ये लीड घातल्या : 205 व्होल्ट. म्हणजे 3.9 अगदी बरोबर. (आणि इस्त्री संध्याकाळी का तापत नाही त्याचंही उत्तर मिळालं, 205 व्होल्टला ती जेमतेम 800 वॅटची राहते.) इस्त्री, गिझर अशा निव्वळ तापणाऱ्या वस्तूवर टेस्टर पारखून घ्यावा. मोटर किंवा एलईडीवर नाही. असला साधा टेस्टर एलईडी आणि इन्व्हर्टरच्या वेड्यावाकड्या करंटला कमी दाखवतो, आणि फ्रिज-पंपासारख्या ठिकाणी अँपिअर गुणिले व्होल्ट केलं तर वॅट प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतात, कारण मधे पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे ओढलेला सगळाच करंट कामी येत नाही.

रेंज नेहमी वरून खाली आणायची. 300 वर सुरू करून काटा हलत नाही असं दिसलं की एकेक घर खाली. पंप सुरू करताना तर 60 च्या खाली ठेवायचंच नाही. पंपाचं बटण दाबलं तसा काटा तिसाच्या आसपास झेपावला आणि क्षणात सातवर येऊन बसला. हे काट्याच्या मीटरचं सुख. डिजिटलवर त्या क्षणाला आकडे नुसते भुरभुरतात. इथे मोटर किती ओढून किती लवकर स्थिरावली ते डोळ्यांना दिसतं. फ्रिजचंही तसंच : एक झेप, मग पाऊण ते एक अँपिअर. वाचताना डोळा काट्याच्या बरोबर समोर हवा. या टेस्टरच्या पट्टीखाली आरशाची बारीक फीत आहे; काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की नजर सरळ आहे असं समजायचं.

आता गळती. घराचं वायरिंग जुनं, लाकडी बॅटनपट्टीवरचं, मेन स्विचनंतर चार कटआउट, म्हणजे फ्यूजची घरं : पुढचे दिवे, मागची बाजू आणि न्हाणी, स्वयंपाकघर, पंप. मेन स्विच पाडून दादांनी पट्टीची क्लिप उघडली आणि फेजची वायर बोटभर बाजूला ओढून घेतली. पुन्हा मेन सुरू. सगळी बटणं बंद, 6 अँपिअरची रेंज. काटा शून्याला सोडून जेमतेम अर्ध्या घरात. हे रीडिंग की नुसती थरथर?

इथे दादांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. मेन पाडला, फेजच्या मार्गात दीड मीटर लवचिक वायरचा तुकडा जोडला आणि तो जबड्याभोवती दहा वेळा गुंडाळला. वायर दहा वेळा जबड्यातून गेली की टेस्टरला दहापट करंट दिसतो. मेन सुरू केल्यावर काटा ठाम 5 वर. भागिले दहा : अर्धा अँपिअर. तेव्हा व्होल्टेज 230 च्या जवळ आलं होतं, म्हणजे 115 वॅट. स्टुलावर बसून लुकलुकीवरून काढलेले 112 आणि हे, दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी.

मग एकेक कटआउट. प्रत्येक वेळी मेन पाडायचा, ग्रिप (फ्यूजची तार असलेला, ओढून काढता येणारा भाग) ओढायची, मेन लावायचा, काटा वाचायचा. पुढचे दिवे काढले, पाच. न्हाणी काढली, पाच. स्वयंपाकघर, पाच. पंपाची ग्रिप ओढली आणि काटा शून्यावर आडवा झाला. सासूबाई उंबऱ्यातून बघत होत्या. म्हणाल्या, "पंप तर बंद आसा, मगे काटो कित्याक हलता?"

नेमका प्रश्न. पडवीतला पंपाचा बोर्ड उघडल्यावर उत्तर मिळालं : कुणीतरी बटण न्यूट्रलमध्ये टाकलं होतं आणि फेज सरळ पंपाला दिली होती. बटण बंद केलं की पंप थांबायचा, पण विहिरीपर्यंतची केबल चोवीस तास जिवंत. दादांनी पंपाच्या डब्यात साधा टेस्टर टेकवला आणि बटण बंद असताना तो पेटला. त्या डब्यावर हात ठेवून मी कितीदा तरी वाकून फूटव्हॉल्व्हचा दोर ओढला आहे. महिन्याचे आठशे रुपये त्या क्षणी अगदी क्षुल्लक वाटले.

अर्ध्या अँपिअरने फ्यूज का उडाला नाही? कारण त्याच्या लेखी तो काहीच नव्हे. पंधरा अँपिअरची तार अर्ध्याला ओळखत नाही. माणसाला मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाचाही धोका असतो. पंपाची ग्रिप त्याच दिवशी काढून कपाटात ठेवली आणि काम होईपर्यंत पाणी रहाटाने काढलं.

केबल खणायला उघडीप हवी होती, ती लगेच मिळाली नाही. त्याच दरम्यान कंपनीची तपासणीवाली माणसं आली. त्यांनी स्वतःचं तपासणी-यंत्र आमच्या मीटरला जोडून लोड चालवून पाहिला. मीटर मर्यादेत, बिनचूक. त्यातल्या एकाला माझी वही दाखवली तर तो हसला, "वहिनी, हे आधी केलं असतंत तर फी वाचली असती." खरं होतं, पण अहवालाची प्रत मी तरीही मागून घेतली. युनिट खरोखर मीटरमधून गेली होती, त्यामुळे परताव्याचा प्रश्नच नव्हता, अर्ज निकाली. ज्यांचा मीटर खरंच सदोष निघेल आणि कार्यालय ऐकणार नाही, त्यांच्यासाठी पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. तिथे पोच, पावती आणि अहवाल हीच भांडवलं.

ऑगस्टच्या शेवटी पाऊस थांबला. केबल घरापासून विहिरीपर्यंत साधारण पस्तीस मीटर, जुन्या पीव्हीसी पाइपातून. मधोमध एका माडाच्या बुंध्याजवळ चिकटपट्टीचा जोड सापडला. मे 2021 च्या तौक्ते वादळात तिथला माड आडवा झाला होता, तेव्हा घाईत मारलेला. पाइपात पाणी उभं होतं. चिकटपट्टी बोटाने ओढली तर ओल्या सालीसारखी सुटली आणि आत तांबं हिरवं पडलेलं. उन्हाळ्यात जमीन कोरडी म्हणून गळती कमी, पहिल्या पावसापासून सुरू. जूनचा खांब का वाढला तेही कळलं.

एक गोष्ट विचारून घेतली : याच टेस्टरच्या ओहमवर हा जोड सापडला नसता का? नाही. त्यातल्या छोट्या बॅटरीच्या दाबाला ओलं इन्शुलेशन बरेचदा ठीकच दिसतं. त्यासाठी मेगर, म्हणजे मोठ्या व्होल्टने इन्शुलेशन तपासणारा मीटर लागतो. दादांनी केबलची दोन्ही टोकं सोडवून 500 व्होल्टचा मेगर लावला. किमान एक मेगओहम हवा तिथे काटा तळाशीच. नवी केबल टाकल्यावर तोच काटा वरच्या टोकाला गेला.

खर्च लिहून ठेवते, आमच्याकडचा आणि त्या वेळचा. केबल आणि नवा पाइप साधारण साडेपाच हजार. पंपासाठी दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल एमसीबी सहाशेच्या आत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच, दोन हजार. अर्थिंग नव्याने केलं, कारण आमच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत जुना पाइप नावापुरताच होता : खड्डा, जीआय पाइप, कोळसा, मीठ मिळून तीनेक हजार. मजुरी अडीच हजार. गळती तशीच चालू राहिली असती असं धरून बचतीचा हिशेब केला तर पंधरा-सतरा महिन्यांत वसूल. आरसीसीबी मात्र बिल वाढो न वाढो, बसवाच. तो आधी असता तर जोड भिजल्या क्षणी सगळं बंद पडलं असतं आणि हा सगळा शोध करावाच लागला नसता.

गणपती 19 सप्टेंबरला होते, त्याआधी सगळं उरकलं. चाकरमानी आले, रोषणाई लागली, पंप दिवसातून तीनदा. सगळं बंद करून मीटरसमोर पुन्हा बसले तेव्हा लुकलुक नाही आणि 'अर्थ'चा दिवाही विझलेला. पण दुसऱ्याच रात्री पावसाची सर आली आणि आरसीसीबी पडला. आरत्यांच्या मधे काळोख! पाहुण्यांपैकी एकाने "काढून टाका तो, जुनंच बरं होतं" असा सल्लाही दिला. त्याच पद्धतीने एकेक ग्रिप ओढून पाहिली : खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, उघड्या होल्डरमध्ये पाणी गेलं होतं. ही गळती जेमतेम तीसेक मिलिअँपिअरची, टाँग टेस्टरवर दहा वेढ्यांनीही नीट वाचता आली नसती. होल्डर बदलून वर पत्र्याची टोपी लावली, आणि बाहेरचे दिवे वेगळ्या एमसीबीवर घेतले, म्हणजे पुन्हा तसं झालं तर तेवढेच बंद करून घर चालू ठेवता येईल.

टाँग टेस्टर दिरांनी माझ्याकडेच ठेवला आहे. दुकानात नवा चांगला काट्याचा तेव्हा साडेतीन-चार हजारांना मिळत होता, पण तो घरोघरी हवाच असं मी म्हणणार नाही. वाडीत एक पुरतो. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी जबडा पुसते, आणि कुणी न्यायला आलं की आधी विचारते : मीटरवर इंपल्स किती लिहिलेत ते बघून आलात का?